शिफ्ट इन्चार्ज झाले, पण विचारायचं कुणाला?

अंबड_टर्नर:
नमस्कार. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये ९ वर्षं झाली. आयटीआय टर्नर म्हणून लागले, मग सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), मग क्वालिटी. दोन महिन्यांपूर्वी शिफ्ट इन्चार्ज झाले. हाताखाली १४ जण, बरेचसे माझ्याहून मोठे. ड्रॉइंग, गेज, प्रोग्रॅम यात अडत नाही. अडतं ते माणसांपाशी.

गेल्या आठवड्यात एका काकांनी बोरिंग बारचा इन्सर्ट (भोक कापणारं टोक) बदलला, पण जुना वेअर ऑफसेट, म्हणजे आधीच्या टोकाच्या झिजेसाठी मशीनमध्ये भरलेला आकडा, तसाच राहिला. पहिला नग तपासला नाही आणि ४० बुश बोअर (आतलं भोक) मोठा होऊन स्क्रॅप गेले. मी सगळ्यांसमोर बोलले. काका माझ्या वडिलांच्या वयाचे. तेव्हापासून 'हो मॅडम'च्या पुढे शब्द नाही.

बाकीचे इन्चार्ज साडेतीनला सुटल्यावर गेटबाहेर चहाला थांबतात. ऑडिट कधी, कुठलं मशीन हलणार, वर कुणाचं नाव चाललंय, सगळं तिथे कळतं. मला चारला पाथर्डी फाट्यावर मुलीच्या व्हॅनसाठी पोचावंच लागतं. कंपनीने मेंटॉर दिलेत, पुण्याचे, महिन्यातून एक व्हिडिओ कॉल. भले गृहस्थ आहेत, पण त्यांनी आमचा शॉप फ्लोअर पाहिलेला नाही.

सातपूर_फोरमन:
ताई, मी सातपूरला ३४ वर्षं काढली. आधी काकांचं बघा. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी एकटीने त्यांच्या मशीनपाशी जा. 'चारचौघांत बोलायला नको होतं' एवढंच म्हणा, त्याला ४० नग जोडू नका. स्क्रॅपचं नंतर, बसून.

मग पहिला नग तपासायचं काम दोन अप्रेंटिसना शिकवायला त्यांनाच सांगा. आम्हाला एक जुनी रीत शिकवली होती, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कारखान्यांत निघालेली आणि पुढे जपानने उचललेली: माणसाला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, मग लक्ष ठेवा. शिकवणाऱ्याचा हात आपोआप नीट चालतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सिन्नर_प्लॅनिंग:
पुण्याच्या सरांना सोडू नका, पण त्यांच्याकडून सगळं मिळेल असं धरू नका. सल्ला देणारा वेगळा आणि तुम्ही खोलीत नसताना तुमचं नाव घेणारा वेगळा. दुसरा माणूस तुमच्याच प्लांटमध्ये लागतो. तुमच्या शिफ्टचा रिपोर्ट सकाळच्या मीटिंगमध्ये स्वतः मांडा, दुसऱ्याच्या हाती देऊ नका. मला हे कळायला चार वर्षं लागली आणि तेवढ्यात दोन बढत्या हातच्या गेल्या.

आम्ही वेगवेगळ्या कंपन्यांतल्या तिघी शनिवारी रात्री २० मिनिटं फोनवर बोलतो. प्रत्येकीने एक अडचण सांगायची. ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग, दर यातलं काहीही बोलायचं नाही.

दुसरी_शिफ्ट:
टपरीवर आम्ही कुणापासून लपवत नाही, पण तुमचं म्हणणं पटलं. मी स्वतः तिथेच शिकलो. आता ऑडिट आणि मशीन हलवण्याची बातमी हँडओव्हरच्या वहीत लिहायला लागतो.

अंबड_टर्नर:
आज सकाळी पावणेसातला गेले. काका आधी गप्प होते. मग म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय, स्क्रीनवरचा ऑफसेट नीट दिसत नाही, सांगायची लाज वाटत होती. दोन महिने रोज त्यांच्या मशीनवरून जातेय आणि मला दिसलं नाही. डोळे तपासायला उद्याची सुट्टी लावून दिलीय. अप्रेंटिसना सोमवारपासून ते शिकवतील.

सिन्नरच्या ताई, शनिवारी चौथीला जागा आहे का?