कुत्र्याच्या नाकातून रक्त: आधी गोचीड आणि उंदराचं औषध आठवा

पंचवटीच्या ताईंच्या कुत्र्याच्या नाकातून दोनदा रक्त आलं आणि शेजारी 'ऊन लागलंय, कांदा हुंगवा' म्हणाले, असं वर वाचलं. ताई, कृपा करून वाट बघू नका. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पोरांचा घोळणा फुटतो. कुत्र्याचा सहसा उन्हाने फुटत नाही. (कांदा पोटात गेला तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, ते आणखी वेगळंच.)

पहिला संशय गोचीडतापाचा. त्यात प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) घसरतात. ओठ उचलून हिरड्या बघा, पोटावरचे केस बाजूला करा. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर आजच रक्ततपासणी करा. ठिपके नसले तरी डॉक्टरांना दाखवाच.

दुसरं, उंदराचं औषध. निफाड-दिंडोरीकडे गोदामांत ब्रोमाडायोलोनच्या वड्या टाकलेल्या असतात. ते रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन के चं चक्र अडवतं, पण रक्तातल्या गोठवणाऱ्या घटकांचा साठा संपेपर्यंत जनावर ३-४ दिवस ठणठणीत दिसतं आणि घरचे निर्धास्त राहतात. मग रक्त कधी नाकातून येतं, कधी छातीत साचून नुसती धाप लागते. व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे, पण तो काही आठवडे द्यावा लागतो. उंदराच्या औषधाचं पाकीट सापडलं तर सोबत न्या.

माणसांना रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते वॉरफरिनही याच जातीचं औषध. आजोबांना ते चालू असेल तर गुडघेदुखीवर परस्पर ब्रुफेन देऊ नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. त्यांना काळी, डांबरासारखी शी झाली तर थेट दवाखाना.