मदत हवी आहे: फिजीतल्या वुनिदोगोलोआ गावाबद्दल

नमस्कार मंडळी. वनुआ लेवू बेटावरचं हे किनाऱ्यालगतचं गाव. उधाणाचं पाणी घरात शिरायचं, समुद्राला घातलेली भिंतही टिकली नाही. गावकऱ्यांनी 2006 साली सरकारकडे मदत मागितली आणि 2014 मध्ये अख्खं गाव सुमारे दोन किलोमीटर आत, चढावर गेलं. मला सगळ्यात भावलं ते हे की जमीन त्यांच्याच कुळाची होती आणि घरांसाठी लाकूडही त्यांनी स्वतःच्या रानातलं दिलं. म्हणजे फक्त सरकारी पुनर्वसन नव्हे. नव्या जागी मत्स्यतळी आणि अननसाची लागवडही झाली.

मी कोकणातली. आमच्या वाडीत खाडीचा बांध फुटला की भातशेतात खारं पाणी भरतं. पुढच्या महिन्यात ग्रामसभेत या गावाची गोष्ट सांगायची आहे, पण कागदावरची माहिती पुरेशी वाटत नाही.

सुवा, लंबासा किंवा न्यूझीलंडमध्ये राहणारं कुणी आहे का, ज्यांनी हे गाव पाहिलंय किंवा तिथल्या माणसांशी बोलता येईल? विचारायचंय की किनारा सुटल्यावर मासेमारीचं काय झालं, म्हातारी माणसं रुळली का, जुन्या गावातल्या थडग्यांचं काय केलं. आणि हलायचं ठरवताना बायकांचं म्हणणं ऐकलं गेलं का? आमच्याकडे हाच प्रश्न आधी येणार.

इंग्रजीत प्रश्न लिहून द्यायला कुणी मदत केली तरी फार उपकार होतील.