मदत हवी आहे: फायब्रोमायल्जिया आणि तोंडावर आलेला युनिफॉर्मचा सीझन. मालकांना सांगू का?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची, वय ३८. इथे एका शालेय गणवेशाच्या कारखान्यात चेकिंग आणि फिनिशिंग माझ्याकडे आहे, हाताखाली चौदा बायका. गेल्या सप्टेंबरमध्ये मला फायब्रोमायल्जिया (अंगभर सतत दुखत राहण्याचा, थकव्याचा आजार) असल्याचं निदान झालं. आता फेब्रुवारी संपत आलाय, सीझन सुरू होईल, आणि मला मनापासून भीती वाटतेय. औषध कुठलं घ्यावं हे मी विचारत नाहीये, त्याला डॉक्टर आहेत. ज्यांना हा आजार आहे आणि ज्यांचं कामही अंगावर येणारं आहे, त्यांनी नोकरी कशी सांभाळली, हे मला हवंय.

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि टॉवेल आठवतात. पण शाळेच्या गणवेशाचं कामही इथे खूप मोठं आहे आणि त्याचं वेळापत्रक शाळा ठरवतात. कर्नाटकातल्या शाळा मे संपता संपता उघडतात, म्हणून तो माल आधी. मग तेलंगणा, मग आपल्याकडची जूनच्या मध्याची घाई, विदर्भाचा माल त्यानंतर. मार्च ते जून म्हणजे सकाळी नऊ ते रात्री नऊ, कधी अकरा. वर पत्रा, बाहेर ४३ अंश. चेकिंग उभ्यानं चालतं. पीस उचलायचा, उलटा करायचा, शिवण बघायची, धागे कापायचे, काज-बटण ओढून बघायचं, साईजचा टॅग बघायचा, बाजूला ठेवायचा. दिवसाला किती वेळा हात वर-खाली होत असेल, मी मोजलेलं नाही.

गेल्या मे महिन्यातलं एक सांगते. तेव्हा निदान झालेलं नव्हतं. सलग नऊ दिवस उशिरापर्यंत काम चाललं होतं, त्यात मधे दोनदा पाण्याचा दिवस आला. आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही पहाटे. साडेतीनला उठून दोन बॅरल, टाकी, घागरी, बादल्या भरायच्या आणि सहाला डबा करायचा. दहाव्या दिवशी सकाळी मला उठताच येईना. ताप नाही, सूज नाही. पण मानेपासून पोटऱ्यांपर्यंत रात्रभर कुणी बडवून काढल्यासारखं अंग. पर्सचा पट्टा खांद्याला टेकला तरी डोळ्यात पाणी यायचं. तशीच कामावर गेले. त्या दिवशी पिनाफोरच्या (मुलींच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकच्या) बंडलांवर २८ आणि ३०चे टॅग मी उलटे लावून दिले. माझ्याच हातानं, माझ्याच डोळ्यांसमोर. माल पॅक होऊन गाडीत चढेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळी पोती परत उतरवावी लागली. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, लक्ष कुठं असतं तुमचं?" पंधरा वर्षांत असं कधी ऐकून घ्यावं लागलं नव्हतं. डोकं असं धुक्यात जातं, शब्द आठवत नाहीत, आकडे घसरतात, हा याच आजाराचा भाग आहे हे मला सप्टेंबरमध्ये कळलं.

निदानाला दोन वर्षं लागली. हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय काढला, बी-१२ची इंजेक्शनं झाली, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या झाल्या. संधिवात आणि सुजेसाठीच्या रक्ताच्या तपासण्या (आरए फॅक्टर, एएनए, सीआरपी), थायरॉईड, सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे सुटकेचा श्वास सोडायचे, आणि मला मात्र रडू यायचं. शेवटी संधिवाततज्ज्ञांकडे गेले. त्यांनी शरीराच्या चित्रावर दुखणाऱ्या जागांवर खुणा करायला सांगितल्या, झोपेचं विचारलं, सकाळी उठल्यावर ताजं वाटतं का ते विचारलं, विसरायला होतं का ते विचारलं. आधी शरीरावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघायचे आणि ११ दुखल्या तर निदान करायचे. २०१० मध्ये नवे निकष आले, आता असं विचारून ठरवतात. रक्ताची एकही तपासणी हा आजार दाखवत नाही. त्या तपासण्या दुसरं काही नाही ना, हे बघायला असतात.

डॉक्टर म्हणाले, स्नायूत किंवा सांध्यात बिघाड नाही, मेंदू आणि मज्जासंस्था वेदना जास्तीची धरतेय. मला ते शिलाई मशीनवरून कळलं. टेन्शनचा स्क्रू जास्त आवळला गेला असेल तर चांगला दोरासुद्धा सारखा तुटतो. आपण दोरे बदलत बसतो आणि दोऱ्यात काही दोष नसतो.

मी रोज दुखण्याची गोळी घ्यायचे, तीही त्यांनी बंद केली. या दुखण्यात सूज नसते, म्हणून त्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, पोट मात्र बिघडतं. प्रीगॅबलिन रात्रीचं सुरू केलं होतं, पण सकाळी झोप उतरेना आणि मी कामावर पेंगायला लागले. त्यांनी ते कमी करून ड्युलॉक्सेटिन दिलं. आता झोप बरी आहे. (ही औषधं कुणी आपल्या मनानं सुरू करू नका, आणि चालू असतील तर एकदम बंदही करू नका.) व्यायामावर त्यांचा सगळ्यात जास्त भर आहे. मी सात मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली, आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवत नेलं. आता पंचवीस मिनिटं चालते. पहिले तीन आठवडे चालल्यावर जास्तच दुखायचं, तेव्हा सोडून द्यावंसं वाटलं होतं.

माझी खरी अडचण चांगल्या दिवसांची आहे. एखाद्या सकाळी अंग हलकं वाटतं. मग मी साचलेलं सगळं उपसायला घेते. डबे घासते, पडदे धुते, कामावर दोन बायका सुट्टीवर असतील तर त्यांची बंडलं मीच काढते. मग पुढचे चार दिवस आडवी. सासूबाई म्हणतात, "परवा तर माळा आवरत होतीस, आज काय झालं?" त्यांचं चुकत नाही, त्यांना दिसतं ते त्या बोलतात. त्यांच्या गुडघ्यांचा एक्स-रे आहे, माझ्या दुखण्याचा नाही.

घरात थोडं जमवलंय. पाणी आता नवरा आणि मोठी मुलगी भरतात. त्या पहाटे आवाजानं जाग येतेच, पण मी उठत नाही. भाकरी थापताना मनगटं जातात, म्हणून आठवड्यातून तीन दिवस कडक भाकरी विकत आणते. कामावर मोबाईलला चाळीस मिनिटांचा गजर लावते, वाजला की पाच मिनिटं उंच स्टुलावर बसून चेकिंग करायचं. ऑफ सीझनला हे चालून जातं. मे महिन्यात गाडी दारात उभी असताना गजर वाजला तर काय करायचं?

आणि मुख्य प्रश्न. मालकांना सीझनच्या आधी सांगावं का? माणूस वाईट नाही. एका कारागिराच्या ऑपरेशनला त्यांनी स्वतःहून पैसे दिले होते. पण ऑपरेशन दिसतं, टाके दिसतात. मी म्हणणार की मला फायब्रोमायल्जिया आहे, आणि ते विचारणार की म्हणजे काय. नाव सांगितलं तर "ह्या आजारी असतात" असं कायमचं बसेल आणि पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरी कुणी येईल. नाही सांगितलं तर पुढच्या टॅगच्या चुकीला माझ्याकडे उत्तर नसेल. नवरा म्हणतो, सांगू नको, गप काम कर. मैत्रीण म्हणते, सांगून टाक. दोघांनाही ते दुखणं माहीत नाही, म्हणून तुम्हाला विचारतेय.

दोन दिवसांनी:

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

ईएसआयबद्दल (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल) दोघांनी विचारलंय. माझा पगार महिना २१,००० च्या मर्यादेच्या थोडा वर आहे, म्हणून मला ते लागू नाही. पण माझ्या हाताखालच्या बायकांना आहे. तुमचं कार्ड असेल आणि वर्गणीचे दिवस पुरेसे भरले असतील तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणाचे साधारण ७० टक्के पैसे मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. कार्ड असून न वापरणाऱ्या बायका मी रोज बघते, म्हणून मुद्दाम लिहिलं. अपंगत्वाचा दाखला काढा असंही एकांनी सुचवलंय. २०१६च्या कायद्यातली २१ प्रकारांची यादी मी पाहिली. त्यात फायब्रोमायल्जिया नाही.

एका काकूंनी विचारलंय की दुखणं उफाळलं की पहिल्या दिवशी काय करतेस. आधी दिवसभर पडून राहायचे, त्यानं अंग आणखी आखडायचं. आता कोमट पाण्यानं अंघोळ, घरातल्या घरात थोड्या थोड्या वेळानं चार पावलं, आणि त्या दिवशी एकही मोठा निर्णय नाही. कूलरचा झोत थेट मानेवर घेत नाही. फार काही नाही, पण चारचे दोन दिवस होतात.

ज्या ताईंनी लिहिलंय की आजाराचं नाव नंतर, आधी कामाचं बोला, त्यांचं मला फार पटलं. मी कागदावर तीनच गोष्टी लिहिल्यात. चेकिंगचं टेबल चार इंच उंच करायचं, म्हणजे वाकावं लागणार नाही. टॅग लावल्यावर दुसऱ्या बाईनं एकदा तपासायचं, ते तर सगळ्यांच्याच फायद्याचं आहे. आणि लागोपाठ दोन रात्री मला थांबवायचं नाही, एक दिवसाआड अकरापर्यंत थांबायची माझी तयारी आहे. सोमवारी सकाळी, कारखाना सुरू व्हायच्या आधी, मालक एकटे असतात तेव्हा बोलणार आहे.

तोपर्यंत एवढंच विचारते. तुमच्यापैकी जे साहेबांशी किंवा मालकांशी असं बोललात, त्यांचं पहिलं वाक्य काय होतं? पुढचं माझं मी बोलेन, पण ते पहिलं वाक्य काल रात्रीपासून जुळत नाहीये.