मदत हवी आहे: '८५ टक्के प्लेसमेंट' म्हणजे नेमकं काय समजायचं?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. जूनमध्ये त्याला १९ पूर्ण झाली. विशेष शाळा १८ व्या वर्षी संपली, तेव्हापासून तो घरी आहे. अजूनही रोज आंघोळ करून, शाळेची बॅग पाठीला लावून साडेनऊला गॅलरीत उभा राहतो, रिक्षाची वाट बघत. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतील. आईचे गुडघे आता साथ देत नाहीत.

त्याला नुसतं कुठेतरी गुंतवून ठेवायचं नाही. सकाळी जाईल, संध्याकाळी दमून येईल, महिन्याला स्वतःचे पैसे हातात पडतील असं काम हवंय. नाशिकमध्ये दोन ठिकाणी चौकशी केली.

पहिली संस्था मोठी. सहा महिन्यांचं ट्रेनिंग (हाउसकीपिंग, पॅकिंग, दुकानातली मांडणी), मग नोकरी. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत '८५ टक्के प्लेसमेंट'. दुसरी दोन खोल्यांत चालते, वर्षाला सात-आठ मुलं. तिथे शिकवणं जेमतेम महिनाभर. मग थेट कामाच्या जागी नेतात आणि त्यांचा माणूस सुरुवातीला रोज सोबत उभा राहतो. टक्केवारी विचारली तर म्हणाले, "तशी कधी काढली नाही हो." आईचा कल पहिलीकडे. माझाही होता.

पण पहिल्या ठिकाणच्या हॉलमध्ये 'आमचे यशस्वी विद्यार्थी' म्हणून फोटोंची भिंत आहे. आम्ही फॉर्म भरत होतो तेवढ्यात भाऊ एका फोटोवर बोट ठेवून ओरडला. त्याच्या वर्गातलाच मुलगा, दुकानाचा टी-शर्ट घालून हसतोय. रात्री आईने त्याच्या आईला कौतुकाने फोन केला. तो मुलगा गेलं वर्षभर घरीच बसलाय! नोकरी टिकली अकरा आठवडे. सुपरवायझर बदलला, नव्याला त्याचं बोलणं कळेना, "उद्यापासून नका पाठवू" म्हणाले. संस्थेकडून त्यानंतर एकही फोन नाही. मला त्या माउलीचा आवाज ऐकवत नव्हता. म्हणजे तो मुलगाही त्या ८५ टक्क्यांत धरलेला आहे का?

भावाबद्दल थोडं सांगते. दहापर्यंत नीट मोजतो. बाईंनी अंड्यांचा ट्रे कापून दहा खळग्यांची पट्टी करून दिली होती. प्रत्येक खळग्यात एक मेणबत्ती ठेवायची, पट्टी भरली की पाकीट. असं तो दोन-अडीच तास न कंटाळता करतो आणि एकही पाकीट चुकत नाही. ओळखीच्या रस्त्याने बसने एकटा जातो. सुट्टे पैसे कळत नाहीत. मोठा आवाज झाला की कान झाकून बसतो.

सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणाबद्दल कृपया सुचवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक दिव्यांगांचाही त्यात वाटा आहे हे ठाऊक आहे, पण परीक्षेचा पेपर तो वाचू शकत नाही.

मला विचारायचंय ते हे की, संस्था चांगली की वाईट हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कशावरून? त्यांच्याकडे कोणते आकडे मागायचे, आणि ते खरे आहेत हे कसं पडताळायचं? हे एक-दीड वर्ष वाया गेलं तर त्याच्या सवयी मोडतील, अशी भीती वाटते.

प्रतिसाद १

ताई, मी २६ वर्षं विशेष शाळेत व्यवसाय प्रशिक्षण दिलं. टक्के ऐकले की पहिला प्रश्न एकच: किती जणांपैकी? समजा, ४० मुलं दारात आली. चाचणी घेऊन २० घेतली. १४ जणांनी कोर्स पुरा केला, १२ कामाला लागली. झाले ८५ टक्के! वर्षाने त्यातली ५ टिकली तर खरा आकडा २० पैकी ५. हे आकडे केवळ उदाहरणासाठी, पण हिशोब असाच लपतो.

दुसरं म्हणजे चाळणी. वाचता येतं, एकटा फिरतो, बोलणं स्पष्ट आहे अशीच मुलं घेतली, तर त्यातल्या कितींना मामाच्या दुकानातही काम मिळालंच असतं? म्हणून ज्यांना परत पाठवलं त्यांचं पुढे काय झालं, हे जरूर विचारा. तोंडं बघण्यासारखी होतात. पगार बँकेत जमा होतो का, पीएफ कापतात का, तेही विचारा. आणि संस्थेने निवडून दिलेल्या पालकांना भेटू नका. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचची अख्खी यादी मागा आणि त्यातले पाच तुम्ही निवडा.

प्रतिसाद २

मी अमेरिकेत शाळेत याच कामात आहे. इथे कायद्यानेच १६ व्या वर्षापर्यंत विशेष शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक मुलाचा शाळेनंतरचा आराखडा करावा लागतो, तरीही पालकांची घालमेल तुमच्यासारखीच. इथे 'प्रॉमिस' नावाचा मोठा प्रयोग झाला, सहा प्रकल्प, ११ राज्यं. दिव्यांगत्वाचा सरकारी भत्ता मिळणारी १४ ते १६ वयाची १३ हजारांहून जास्त मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला जास्तीची मदत, दुसऱ्याला नेहमीचीच. दीड वर्षाने बहुतेक ठिकाणी मदत मिळालेली मुलं कामात पुढे होती. पाच वर्षांनी पाहिलं तर तो फरक बराचसा विरला होता. त्यामुळे 'लागला का' यापेक्षा 'टिकला का' हे विचारणं फार मोलाचं.

तुमच्या लहान संस्थेची पद्धत मला जास्त आश्वासक वाटते. १९९६ साली सिनसिनाटीच्या एका हॉस्पिटलात सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट सर्च'मध्ये मुलं शाळेचं शेवटचं वर्ष खऱ्या कामाच्या जागीच काढतात. व्हर्जिनियात ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये अशीच दोन गटांची तुलना झाली. प्रोजेक्ट सर्चमध्ये गेलेल्या २४ पैकी २१ ना काम मिळालं, दुसऱ्या गटात १६ पैकी एकालाच. मुलं थोडी होती, पण फरक केवढा! आपल्या मुलांना वर्गात शिकलेलं दुसऱ्या जागी नेऊन वापरणं अवघड जातं. तुमच्या भावाची पट्टी त्याच्या कामाच्या टेबलावर हवी. सोबतचा माणूस किती दिवस राहतो आणि सुपरवायझर बदलला की पुन्हा येतो का, एवढं विचारा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी पुन्हा दोन्हीकडे जाऊन आले. मोठ्या संस्थेत यादी मागितली तर "ती गोपनीय असते" म्हणाले. निदान वर्षानंतर किती टिकले तो आकडा तरी द्या म्हटलं, तर तो ठेवतच नाहीत. लहान संस्थेतल्या मॅडमनी कपाटातून लांब वही काढली. मुलाचं नाव, कामाची जागा, पगार, सोडल्याची तारीख आणि कारण, सगळं हाताने लिहिलेलं. तीन वर्षांत २२ मुलं, आज ११ कामावर. सोडलेल्यांतल्या चौघांना दुसरीकडे लावायची खटपट चालू आहे. एका नोंदीपुढे लिहिलं होतं, 'आमची चूक, सोबत लवकर काढून घेतली.'

सोमवारपासून तीन दिवस भावाला तिथे पाठवतोय. पट्टी घेऊन जा असं त्यांनीच सांगितलंय. पहिल्या दिवशी मी बरोबर थांबावं का त्याला एकट्याने जाऊ द्यावं, हे तेवढं कुणी अनुभवी पालकांनी सांगा.