आजचे हे दिवस मुलीला मोठेपणी आठवतील का?

प्रश्न (साडेतीन वर्षांच्या मुलीची आई)

नमस्कार. माझी मुलगी नुकतीच साडेतीन वर्षांची झाली. घर, नोकरी आणि तिचे संगोपन यांत दिवस कधी मावळतो ते कळत नाही, तरीही त्या धावपळीत काही क्षण असे येतात की ते जपून ठेवावेत असे मनापासून वाटते. सकाळी सदऱ्याची बटणे तिला स्वतःच लावायची असतात. वरचे बटण खालच्या काजात जाते, सदऱ्याची एक बाजू लोंबत राहते, आणि ते लक्षात आल्यावर ती चेहऱ्यावरची रेषाही न हलवता सगळी बटणे काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. उशीर होत असतो, पण मी थांबते. रात्री दिवा मालवला की ती दिवसभराचा वृत्तांत सांगते. त्यात घडलेले आणि न घडलेले यांची बेमालूम सरमिसळ असते, आणि मागच्या महिन्यात झालेली गोष्टही ती काल झाली म्हणून सांगते.

मला स्वतःला वयाच्या चार वर्षांआधीचे जवळजवळ काहीच आठवत नाही. एक आठवण मात्र ठळक आहे. आई शिवणयंत्रावर काहीतरी शिवते आहे, मी तिच्या पाठीमागे उभी राहून तिच्या वेणीचे टोक बोटाभोवती गुंडाळते आहे, आणि यंत्राचा एकसुरी आवाज मध्येच थांबतो व पुन्हा सुरू होतो. आई म्हणते की ते यंत्र विकले तेव्हा मी दोन वर्षांचीही नव्हते. मावशीचे म्हणणे तर असे आहे की वेणीशी खेळायची ती माझी मोठी बहीण, मी नव्हेच.

म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढ्या लहान वयातले मुलांना पुढे आठवतच नसेल, तर या क्षणांचा तिला उपयोग काय? ते तिच्या आठवणीत राहावेत म्हणून आईला काही करता येते का? आणि माझी ती शिवणयंत्राची आठवण खरी मानावी का?

प्रतिसाद (बालविकास हा विषय शिकवणारी)

ताई, पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देते. बटणांची ती सकाळ तुमच्या मुलीला मोठेपणी आठवण्याची शक्यता फार कमी आहे. हे सर्वांच्याच बाबतीत घडते. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ साली या विस्मरणाची चर्चा केली होती. त्यांनी दिलेली कारणमीमांसा आज बहुतेक अभ्यासक स्वीकारत नाहीत, परंतु निरीक्षण टिकून राहिले. मोठ्या माणसांना सर्वांत जुनी आठवण विचारली, तर ती सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली निघते, आणि त्यानंतरच्या, वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापर्यंतच्या आठवणीही विरळच असतात.

मात्र यावरून लहान मुलांना काही लक्षातच राहत नाही असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो चुकीचा ठरेल. कॅरोलिन रोव्ही-कोलिअर यांनी तान्ह्या बाळांच्या पायाला फीत बांधून तिचे दुसरे टोक पाळण्यावरच्या टांगत्या खेळण्याला जोडले. पाय झाडला की खेळणे हलते, हे बाळांना काही मिनिटांत उमगले, आणि तीन महिन्यांच्या बाळांना ते सुमारे आठवडाभर लक्षात राहिले. मध्ये एकदा आठवण करून दिली, तर त्याहूनही अधिक काळ राहिले. म्हणजे आठवण तयार होते, ती नंतर निसटते. केव्हा निसटते, याचा माग पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना यांनी घेतला. तीन वर्षांची मुले आपल्या आईशी अलीकडच्या घटनांविषयी जे बोलली ते त्यांनी नोंदवून ठेवले आणि पुढे वेगवेगळ्या वयांत त्याच घटना मुलांना विचारल्या. २०१४ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात पाच ते सात वर्षांच्या मुलांना ६० टक्क्यांहून अधिक घटना आठवत होत्या, तर आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सुमारे ३५ टक्केच. तेव्हा तुमची मुलगी पुढची काही वर्षे आजच्या पुष्कळ गोष्टी तुम्हाला आपणहून सांगेल, आणि मग तुमच्या डोळ्यांदेखत त्या एकेक करून विसरेल. हे पाहताना आईला चुटपुट लागते, पण त्यात तिच्या बुद्धीची किंवा तुमच्या संगोपनाची कोणतीही उणीव नसते.

यामागे मेंदूची वाढ हे एक कारण दिसते. हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित भागात लहान वयात नव्या चेतापेशी मोठ्या प्रमाणावर तयार होतात, आणि त्या जुन्या जोडण्यांमध्ये शिरताना आधीची मांडणी बदलते. २०१४ सालीच उंदरांवर झालेल्या प्रयोगांत नव्या पेशींची निर्मिती वाढवली तेव्हा विस्मरण वाढले, आणि पिल्लांमध्ये ती कमी केली तेव्हा विस्मरणही घटले. दुसरे कारण भाषेचे आहे. गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांनी सव्वादोन ते सव्वातीन वर्षांच्या मुलांना वस्तू लहान करून दाखवणाऱ्या एका गमतीच्या यंत्राशी खेळायला दिले आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने त्याविषयी विचारले. मधल्या काळात मुलांची भाषा कितीतरी वाढली होती, तरी त्या खेळाचे वर्णन करताना, खेळाच्या वेळी ज्या शब्दांची त्यांना ओळख नव्हती ते शब्द त्यांनी वापरले नाहीत. अनुभव ज्या रूपात साठला, त्याच रूपात तो राहिला.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. आईला करता येण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे घडून गेलेल्याविषयी मुलाशी सविस्तर बोलणे. रॉबिन फिवश आणि इलेन रीस यांनी यावर दीर्घकाळ काम केले आहे. काही आया मुलाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, आणि अपेक्षित उत्तर आले की विषय संपतो. काही आया मुलाने दिलेला धागा पकडतात, त्यात एखादा तपशील घालतात, मग पुढचे विचारतात: पाऊस आला तेव्हा आपण कुठे उभे होतो, तुझी छत्री उलटी झाली तेव्हा तुला काय वाटले, मग ती कोणी सरळ केली. न्यूझीलंडमध्ये एका अभ्यासात मुलांना लहानपणापासून बारा-तेरा वर्षांच्या वयापर्यंत पाहण्यात आले. ज्यांच्या आया या दुसऱ्या रीतीने अधिक बोलत असत, त्या मुलांच्या सर्वांत जुन्या आठवणी अधिक लहान वयातल्या निघाल्या. रात्री दिवा मालवल्यावरचा तुमच्या घरातला तो वृत्तांत म्हणजे नेमके हेच काम आहे. तो चालू ठेवा, एवढेच सांगेन.

उपयोगाविषयी मात्र मला थोडे आग्रहाने लिहायचे आहे. प्रसंग विसरला म्हणजे सारे पुसले गेले असे होत नाही. बटण काजात कसे घालायचे हे तिची बोटे आयुष्यभर विसरणार नाहीत, जरी ते कोणत्या सकाळी जमले हे तिला कधीच आठवले नाही. भाषा, माणसांवरचा विश्वास, चुकले तर पुन्हा करता येते ही समजूत, आणि घाईतही कोणीतरी आपल्यासाठी थांबते हा अनुभव, हे सगळे अशाच न आठवणाऱ्या दिवसांत घडत असते. तुमच्या थांबण्याचा उपयोग तिला आजच होतो आहे.

प्रतिसाद (दोन मुलांचा बाप)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फक्त छायाचित्रांविषयी लिहितो, कारण जपून ठेवायचे म्हटले की हल्ली हात आधी मोबाईलकडे जातो. लिंडा हेन्केल यांनी २०१४ साली एका संग्रहालयात केलेला प्रयोग मला फार बोलका वाटतो. ज्या वस्तूंचे लोकांनी छायाचित्र काढले, त्या दुसऱ्या दिवशी त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर लक्ष केंद्रित करून, तो जवळ घेऊन छायाचित्र काढले, तेव्हा हे नुकसान झाले नाही. म्हणून मी आता प्रसंगाचे एकच छायाचित्र घेतो आणि फोन बाजूला ठेवतो. तेही शक्यतो चेहऱ्याचे नव्हे, तर हाताचे, अर्धवट चित्राचे किंवा उलट्या पायांत घातलेल्या चपलांचे. कॅमेऱ्याकडे पाहून हसणारी मुले सगळ्या छायाचित्रांत सारखीच दिसतात, आणि वर्षभराने पाहिले तर त्या दिवशी काय झाले होते ते काही केल्या आठवत नाही.

मुलांचा आवाज मात्र अवश्य ध्वनिमुद्रित करावा. बोबडे बोल इतक्या लवकर सुधारतात की एखादा उच्चार शेवटचा कधी ऐकला हे सांगताच येत नाही.

एक सावधगिरीही सुचवतो. घडून गेलेल्याविषयी बोलणे चांगले, पण त्याची तोंडी परीक्षा होऊ देऊ नये. माझ्या मोठ्या मुलाला पाहुण्यांसमोर काही आठवून सांगायला लावले की तो गप्प होतो, आणि तोच मुलगा अंघोळ करताना कोणी न विचारता सगळे सांगतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बोटे विसरणार नाहीत, हे वाक्य वाचून फार बरे वाटले. माझ्या तिसऱ्या प्रश्नावर कोणी लिहिले नाही. मला ती आठवण इतकी स्पष्ट दिसते की ती खोटी मानायला मन तयार होत नाही. वेणीच्या टोकाला बांधलेला दोरासुद्धा मला दिसतो.

प्रतिसाद (बालविकास हा विषय शिकवणारी)

तो प्रश्न मुद्दाम नंतरसाठी ठेवला होता, कारण घाईने उत्तर दिले तर ते दुखावणारे ठरू शकते.

स्पष्टता ही खरेपणाची खूण नाही, हे आधी सांगायला हवे. किम्बर्ली वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली २० प्रौढांना त्यांच्याच लहानपणीची छायाचित्रे दाखवली. त्यांत एक बनावट होते, ज्यात ते लहानपणी गरम हवेच्या फुग्यात बसलेले दिसत होते. तसे कधीच घडले नव्हते. तिसऱ्या मुलाखतीपर्यंत त्यांच्यापैकी निम्म्या लोकांना त्या सफरीचे थोडेबहुत तरी आठवू लागले होते. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते, आणि जुळवताना ऐकलेले, छायाचित्रात पाहिलेले, कल्पिलेले असे सगळेच तिच्यात मिसळते.

तुमच्या बाबतीत तीन शक्यता दिसतात. आईच्या हिशोबात वर्षाचा फरक पडला असेल. प्रौढांनाही अशा तारखा नेमक्या आठवत नाहीत. दुसरे असे की तुम्ही बहिणीला वेणीशी खेळताना पाहिले असेल किंवा ते वारंवार ऐकले असेल, आणि पुढे त्या चित्रात बहिणीच्या जागी तुम्ही स्वतः आलात. भावंडांमध्ये हे घडते. एकच आठवण दोघे आपली म्हणून सांगतात. तिसरी शक्यता अशी की यंत्राचा आवाज एका काळातला, वेणी दुसऱ्या काळातली, आणि त्या दोहोंची नंतर गाठ पडली. यांपैकी नेमके काय झाले ते बाहेरून कोणालाही ठरवता येणार नाही. पण आईच्या पाठीशी उभे राहण्याची जवळीक तुम्हाला इतकी ओळखीची वाटते, ती कोठून तरी आलेली आहेच. घटनेची तारीख चुकीची निघाली, तरी त्या जवळिकीवर संशय घेण्याचे मला काही कारण दिसत नाही.

प्रतिसाद (एक आजी)

मुली, अभ्यासातले मला फारसे कळत नाही, पण मुलांचे बोलणे मी वहीत लिहून ठेवत आले आहे, म्हणून लिहिते. रोज लिहीन असे ठरवू नकोस, ते होत नाही. मूल काही वेगळे बोलले की त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत, तारीख घालून दोन ओळी उतरवून ठेव. आपण ते सुधारून शुद्ध भाषेत लिहिले की मूल त्यातून नाहीसे होते आणि आपणच उरतो. कोणाला उद्देशून बोलली, हातात काय होते, बाहेर उजेड होता की अंधार, एवढेही लिहावे, कारण नंतर वाचताना त्या बारीकसारीक गोष्टींवरूनच सगळा प्रसंग उभा राहतो. भांडण आणि रडणेही लिहावे. माझा मुलगा एकदा दारामागे लपून बसला आणि मला म्हणाला की तू मला शोधू नकोस, मी रागात आहे. ते मी लिहिले नसते, तर आज त्याच्या मुलाला वाचून दाखवता आले नसते. तो नातू ते ऐकून आपल्या बापाकडे नव्यानेच पाहू लागला.

मुलगी वाचू लागली की वही तिच्या हाती दे. तिला काही खोडायचे असेल तर खोडू दे, आणि तिचे म्हणणे वेगळे असेल तर ते शेजारी लिहू दे. ते दिवस तिचेही आहेत.

आणि त्याच वहीच्या मागच्या पानांवर तुझ्या आईचे सांगणे लिही. शिवणयंत्र कधी घेतले, कोणी विकले, त्यावर पहिले काय शिवले, हे तिला विचार. मावशीला वेगळे विचार, दोघींना एकत्र बसवून नको, नाहीतर जी मोठ्याने बोलते तिचेच खरे ठरते. बहिणीलाही विचार, कारण वेणीची गोष्ट तिची असेल तर तिलाही त्यातले काही आठवत असणार. तिघींचे जुळले नाही तरी तिन्ही तसेच लिहून ठेव. हे काम मात्र पुढे ढकलू नकोस. माझ्या आईला विचारायचे असे कितीतरी राहून गेले, आणि आता त्याची उत्तरे देणारे कोणी नाही.