सामाईक सातबारा, हापूसची बाग आणि सेंद्रियचं अनुदान : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात कातळावर आमची हापूसची ८० कलमं आहेत, साधारण दोन एकर. पालवीपासून फळ धरेपर्यंत सहा-सात फवारण्या होतात. तुडतुडा (मोहोराचा रस शोषणारी कीड) आला की औषध, भुरी (बुरशीचा रोग) दिसली की औषध, आणि फुलकिडे तर हल्ली कशालाच दाद देत नाहीत. गेल्या मोसमात फवारून आलेला आमचा गडी रात्रभर उलट्या करत होता. त्याच्यासोबत दवाखान्यात बसलो तेव्हाच ठरवलं, हे कमी करायचंच.

फळमाशीसाठी दापोली विद्यापीठाचे रक्षक सापळे लावतो, त्यामुळे तिचं औषध बंदच झालं. अर्ध्या बागेत निंबोळी अर्क आणि व्हर्टिसिलियम (किडीला मारणारी बुरशी) वापरून पाहिलं. तुडतुडा सुरुवातीला आवरला, पण फवारणी आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावी लागते. कलमं उंच, पंपाला पेट्रोल, दोन गडी. औषध स्वस्त पडलं, मजुरी दुप्पट झाली. या वाढलेल्या खर्चासाठीच मला अनुदान हवं आहे.

राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानात एकरी वर्षाला ४००० रुपये, दोन वर्षं, आणि तेही एकाच एकराला. परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० असले तरी थेट खात्यात येतात १५,०००, आणि शेतकऱ्यांचा गट लागतो २० हेक्टरचा. आमच्या वाडीत बागा तुकड्या-तुकड्यांच्या. सलग तर नाहीच, पण आजूबाजूच्या वाड्या धरून तरी असा गट कुणी जमवलाय का? कसा?

खरी अडचण सातबाऱ्याची. आजोबांच्या पश्चात त्यावर १४ नावं आहेत, बरीचशी मुंबईत, दोघांचा तर पत्ताच नाही. बाग पंचवीस वर्षं आम्हीच राखतोय. सगळ्यांची संमतीपत्रं आणल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही, असं मला सांगितलं गेलं. हिश्शापुरता अर्ज कुणाचा मंजूर झालाय का?

शिवाय शेजारची बाग कराराने दिलेली आहे, तिथला फवारा वाऱ्याने आमच्या कडेच्या कलमांवर येतो. सेंद्रिय प्रमाणीकरणात कडेच्या त्या दोन ओळी सोडून द्यायच्या का?

तुडतुडा मोहोरावर बसायच्या आत काय ते ठरवायला हवं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्यांच्या खात्यात हे पैसे खरोखर जमा झालेत, त्यांनी कागदपत्रांसकट सविस्तर लिहा, कळकळीची विनंती.