कंपॅरेटर उलटी पोलॅरिटी दाखवतोय : बॅटरीचा करंट आत की बाहेर?

गावच्या घरी १२ व्होल्टची सोलर बॅटरी आहे. ती चार्ज होतेय की उतरतेय हे वडिलांना दारातूनच दिसावं म्हणून दोन दिवे लावलेत. हिरवा म्हणजे करंट आत, लाल म्हणजे बाहेर. निगेटिव्ह वायरीत ५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट (करंट मोजायचा अगदी छोटा रेझिस्टर) आहे. त्याचं एक टोक ग्राउंडला, दुसरं एलएम३९३ या कंपॅरेटरच्या (दोन व्होल्टेजमधलं मोठं कोणतं ते सांगणारी चिप) प्लस पिनला. मायनस पिन ग्राउंडला. पुरवठा ५ व्होल्ट, आउटपुटला १० के पुल-अप (आउटपुट ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर).

दुपारी सगळं चोख. घोळ रात्री होतो. नुसती ९ वॅटची ट्यूब चालू, म्हणजे पाऊण अँपिअर बाहेर जातोय, शंटवर मीटर १.१ मिलिव्होल्ट दाखवतोय आणि दिवा हिरवा! सोबत पंखा लावला की दोन्ही दिवे फडफडतात. परवा हिरवा बघून वडील निर्धास्त झोपले, ट्यूब तशीच राहिली आणि पहाटे बॅटरी बसली. आधीच जुनी आहे ती, म्हणून जास्त जिवाला लागलं.

हिस्टेरेसिससाठी (चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत थोडं अंतर ठेवायला) १ के आणि १ एमचे रेझिस्टर लावून पाहिले. फडफड गेली, पण आता छोटा लोड कळतच नाही. आधी ऑपअँपने सिग्नल मोठा करू का? घरात एलएम३५८ हा ऑपअँप आहे. कृपया मार्ग सुचवा.

प्रतिसाद :
एलएम३९३ चा ऑफसेट, म्हणजे दोन इनपुटमधली चिपची स्वतःची चूक, ५ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. तुमच्या शंटवर तेवढ्याला ३.३ अँपिअर लागतात! १ के-१ एमचा हिस्टेरेसिसही नेमका ५ मिलिव्होल्टच. एलएम३५८ नको, त्याचा ऑफसेट ७ मिलिव्होल्टपर्यंत जातो आणि सिग्नलबरोबर तोही वाढेल. ओपीए३३३ हा ऑपअँप घ्या, त्याचा ऑफसेट १० मायक्रोव्होल्टच्या आत असतो. २.५ व्होल्टच्या संदर्भावर १०० पट गेनचा डिफरन्स अँप्लिफायर (शंटच्या दोन टोकांमधला फरक १०० पट करणारा) करा, पुढे हाच कंपॅरेटर. तिथे १० के-१ एमचा हिस्टेरेसिस ५० मिलिव्होल्ट होतो, म्हणजे शंटवर अर्धा मिलिव्होल्ट. पण खोट ऑफसेटचीच आहे का ते बघायला आधी एक करा : प्लस पिन शंटवरून काढून थेट ग्राउंडला जोडा.

धागाकर्ता :
जोडली. हिरवा पेटूनच राहिला! म्हणजे खोट चिपच्या ऑफसेटचीच. ओपीए३३३ मागवतो. गेनचे रेझिस्टर ५ टक्केवाले चालतील?

प्रतिसाद :
नाही. १ टक्केवालेच घ्या. त्यांच्यातल्या फरकानेही २.५ व्होल्टचा शून्यबिंदू सरकतो, म्हणून कंपॅरेटरच्या संदर्भाला प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) ठेवा. अँप्लिफायरचे दोन्ही इनपुट ग्राउंडला जोडून, प्रीसेट फिरवताना दिवा ज्या दोन जागी बदलतो त्यांच्या मधोमध तो लावा.